अकरा वर्षांत तीन कोस

माझ्या बायकोनं मला शेवटचा चहा दिला तो माझ्याकडे न बघता. बैलगाडीत ती मागे तोंड करून बसलेली, मी पुढे कासरे धरून. पाठीला पाठ. तिनं किटलीतून बशीत चहा ओतला आणि बशी खांद्यावरून मागे केली. मीही न बघता हात मागे नेला आणि घेतली. थेंब सांडला नाही. अकरा वर्षांची सवय होती. नवापूरचा किनारा, अष्टमीची दुपार, पाणी लांब गेलेलं, आणि पुढे अर्नाळ्याच्या होड्यांच्या डोलकाठ्या मोजता येतील इतक्या जवळ.

"आज जाऊ या की," ती म्हणाली.

"पानी चढतंय," मी म्हणालो.

तिनं मान वळवून दर्याकडे बघितलं. "चढत नाय. अजून उतरतंय." मग म्हणाली, "पन तुमी म्हनता तर चढतंय."

मी गाडी वळवली. चारच्या सुमाराला भुईगावला घरी पोचलो. तिनं गाडीतली बैठक झाडली, किटली घासून उपडी घातली, ओटीवर बसली आणि भिंतीला टेकली. संध्याकाळची चर्चची घंटा व्हायच्या आत गेली. ओरड नाही, काही नाही. सगळ्या आयुष्यात एवढं एकच काम कातरीननं झटपट केलं.

माझा मुलगा पेद्रू म्हणतो, बाबा, चर्चच्या अंकात छापायला आईबद्दल लिहून द्या, तिचे गुण लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. केळीची वाडी केली, पानवेली केल्या, कागदाशी माझं कधी जमलं नाही. गुण फादरनी सांगितलेत मातीच्या वेळी. ते चांगले बोलतात. मला तिचं वेड माहीत आहे, तेच लिहितो.

कातरीन हळू होती. हळू म्हणजे किती, ते बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. तिनं भाकरी थापायला घेतली की मी वाडीत जाऊन दोन वाफ्यांना पाणी सोडून यायचो, तेव्हा कुठं ती भाकरी तव्यावर उलटलेली असायची. गुलाबमाळेची प्रार्थना, दहा-दहा मण्यांचे पाच भाग, सगळं घर मिळून म्हणायचं, पण आम्ही पाचव्या दहाव्यावर असलो की ही चौथ्यावर. चर्चमध्ये सगळ्यांचं 'आमेन' झालं की एक क्षण शांतता, आणि मग बायकांच्या बाजूनं एक वेगळं 'आमेन' यायचं. जुने फादर तिच्या आमेनसाठी थांबायचे. नवे फादर आले, ते थांबेनात, तर लोकच मागे वळून बघायला लागले, हिचं झालं का म्हणून.

"घाई कोनाला?" हे तिचं बोलणं. गाय हंबरत असो, दूध उतू जात असो, एस्टी सुटत असो. "घाई कोनाला?"

मला होती. मी जन्माचा घाईचा माणूस. लोक म्हणायचे, या दोघांना एका जुवाला कुणी जुंपलं?

आता गाडीचं सांगतो. तिचा भाऊ मुंबईला टॅक्सी चालवायचा. त्याची टॅक्सी भंगारात निघाली तेव्हा त्यानं बहिणीला विचारलं, तुला काय देऊ? दुसरी कुणी असती तर आरसा मागितला असता. हिनं मागची सीट मागितली. अख्खी. स्प्रिंगांसकट. ती सीट तिनं बैलगाडीत टाकून घेतली, काथ्यानं बांधली, वर गोधडी घातली, आणि तोंड मागच्या बाजूला.

"उलटी कशाला?" मी विचारलं.

"फुडचं तुमी बघताव ना? मग मागचं कोन बघनार?"

बरोबर काळी छत्री. टॉवेलात गुंडाळलेली चहाची किटली. उकडलेली अंडी, सुकेळी, एक उशी. पायाखाली पाट, कारण पाय लोंबकळलेले तिला आवडायचे नाहीत. बैलांना चाबूक लावायचा नाही ही पहिली अट. बैल दोन, एकाचं नाव पाटील आणि दुसऱ्याचं तलाठी. नावं तिनंच ठेवलेली. पाटील ओढायचा. तलाठी कुणी दहादा सांगितल्याशिवाय जागचा हलायचा नाही. हिचा जीव तलाठ्यावर.

आणि जायचं ते रस्त्यानं नाही. किनाऱ्यानं. भुईगावपासून वर अर्नाळ्यापर्यंत सगळी वाळू सरळ नाही. मधे काळे खडप आहेत, पाणी गेलं की उघडे पडतात, धारदार, कालवांनी भरलेले. चाक त्यात अडकलं तर आरा मोडतो. म्हणून पाणी पुरतं उतरलेलं असेल तेव्हाच गाडी खालून वळसा घेऊन न्यायची. अष्टमीला दुपारी सुकती, म्हणजे ओहोटी असते. आम्ही किरिस्ताव, पंचांग आमच्या घरात नाही. पण शेजारच्या भंडाऱ्याच्या ओटीवर जाऊन कातरीन दर महिन्याला विचारायची, "वैनी, अष्टमी कवा?" ती वैनी हसायची. "आमच्यापेक्षा तुलाच अष्टमीची काळजी गो!"

कळंबच्या कोळणी खडपावर कालवं फोडत बसलेल्या असायच्या. आमची गाडी दिसली की त्यांचं सुरू.

"आली बघा मडम! टॅक्सी रिकामी हाय का गो?"

"भाडं नाय परवडनार तुला," कातरीन छत्रीखालून म्हणायची.

"कुठवर चालली?"

"दम संपंल तवर."

"कुनाचा, बैलांचा का घोवाचा?"

मी तोंड पुढे ठेवायचो. मला या बायकांचं बोलणं सोसायचं नाही. पण कातरीन उलटी बसलेली असल्यामुळे गाडी पुढे गेली तरी तिचं त्यांच्याशी बोलणं चालूच राहायचं, आवाज पोचेनासा होईपर्यंत. मग हात हलवायची. मग हात दिसेनासा होईपर्यंत हलवायची. त्यात अर्धा फर्लांग जायचा.

आता ही सगळी वेडं कुणी ऐकली तर म्हणेल, हौशी बाई होती, हवा खायला जायची. मीही लोकांना तेच सांगत आलो. खरं तसं नव्हतं.

एकाहत्तरच्या लढाईत किनाऱ्यावर दिवे बंद ठेवावे लागायचे, त्याच्या पुढच्या साली पेद्रूचं लग्न केलं. आमच्याकडे लग्नाचं आमंत्रण घरच्या माणसानं स्वतः जाऊन, ओटीवर बसून, तोंडानं द्यायचं असतं. पहिलं आमंत्रण मोठ्या बहिणीला. माझी मोठी बहीण नातलबाय अर्नाळ्याला दिलेली. आमची आई मी चालायला लागायच्या आधी गेली. नातलबाय तेव्हा सात वर्षांची. मला तिनं कडेवर वाढवलं, इतकं की तिची एक बाजू वाकलेली राहिली. तिचा नवरा लवकर वारला, एकुलता मुलगा बोटीवर कामाला, दोन दोन वर्षं येत नाही. तिला माहेर म्हणजे मी.

त्या साली छापील कार्डांची नवी फॅशन आली होती. मीही छापून घेतली, सोनेरी अक्षरांची. मला फार अभिमान वाटला त्या कार्डांचा. आणि केळी उतरवायची होती, मांडव घालायचा होता, घाई होती. अर्नाळ्याची एक मासळीवाली आमच्या दारावरून परत जात होती. मी नातलबायचं कार्ड तिच्या पाटीत टाकलं. म्हटलं, एवढं पोचव.

माझ्या बहिणीच्या हातात तिच्या भाच्याचं लग्न पोचलं ते बोंबलाच्या पाटीतून.

दुसऱ्या दिवशी त्याच पाटीतून ते कार्ड परत आलं. वास मारत होतं. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं, नातलबायला लिहिता येत नाही. कातरीन म्हणाली, "आताच्या आता जा. पाया पडा." मी म्हणालो, येत नाही तर नको येऊ दे, सोनेरी कार्ड पाठवलंय. लग्न झालं. नातलबाय आली नाही. फोटोत तिच्या जागी कुणाला उभं करायचं यावरून खोळंबा झाला, तेव्हा कातरीन म्हणाली, ती जागा मोकळी राहू दे. आजही तो फोटो बघा, उजवीकडे एका माणसाएवढं भोक आहे.

एकदा गेलं नाही की दुसऱ्यांदा जाणं अवघड होतं. दोन वर्षांनी तर पायच उचलत नाही. कडक डोक्याची आम्ही दोघंही, एका आईची. ती तिकडे म्हणायची, त्यानं यावं. मी इकडे म्हणायचो, तिनं निरोप पाठवावा.

आणि लग्न झालं त्याच सुमाराला कातरीननं टॅक्सीची सीट मागून घेतली.

पहिल्या साली आम्ही कळंबच्या अलीकडे जायचो आणि वळायचो. दुसऱ्या साली ती म्हणाली, कळंबला सुकट चांगली मिळते. तिसऱ्या साली कळंबच्या पलीकडच्या खडपात म्हणे मोठी कालवं होती. मग राजोडीची हवा तिच्या गुडघ्याला मानवायला लागली. हवा काय गावागावाची वेगळी असते? पण मी गाडी हाकली. दर साली थोडं पुढे. पावसाचे चार महिने बंद, मग पुन्हा. एस्टीनं अर्नाळ्याला जाऊन कुणीही जेवायच्या वेळेला परत येतं. आम्ही अकरा वर्षांत तीन कोससुद्धा पुरे केले नाहीत.

मी खुळा नव्हतो. दुसऱ्याच साली मला कळलं, ही मला कुठं नेतेय ते. पण तिनं तोंडानं म्हटलं नाही, मग मीही म्हटलं नाही. मला वाटायचं, तिची हौस पुरवतोय मी. वळायची वेळ आली की माझं ठरलेलं: पानी चढतंय. पाणी चढत असो नसो. पाण्याच्या गोष्टीवर कुणी वाद घालत नाही, म्हणून मला ती सोयीची होती.

ती कधी भांडली नाही. एकदाच म्हणाली, "बैलांना वाट पाठ झाली की आपोआप जातील." मी म्हटलं, बैल जातील, मी नाही जाणार. ती म्हणाली, "तुमी गाडीतच बसलेले असनार ना?"

एक गोष्ट कबूल करायला हवी. मी घरात बोलणारा माणूस नाही. समोर माणूस बसलं, माझ्या तोंडाकडे बघायला लागलं, की माझा शब्द अडकतो आणि अडकला की मी ओरडतो. गाडीवर कुणी तोंडाकडे बघत नव्हतं. समोर बैलांची ढुंगणं आणि वाळू. तिथं मी बोलायचो. काय काय बोललो मी त्या किनाऱ्यानं! वाडीचं, पेद्रूचं, आणि वळून वळून नातलबायचं. ती मला कडेवर घेऊन बावखलातून कंबरभर पाण्यानं कशी न्यायची. बावखल म्हणजे आमच्याकडची गोड्या पाण्याची तळी. मी रडलो की ती कोवळ्या केळीच्या पानाची पिपाणी करून द्यायची. एकदा ताप आला मला, तर तिनं तीन दिवस मला खाली ठेवलं नाही. पाठीमागून कातरीन नुसतं "हं" म्हणायची. कधी तेही नाही. एकदा मी विचारलं, "झोपलीस काय?" तर म्हणाली, "नाय. बोला. अजून राजोडी यायचीय."

मला वाटतं, तिला माझ्या तोंडून तेच काढायचं होतं. कालवासारखं. घाईनं फोडलं तर आतलं मांस कचऱ्यात जातं.

गेली तीन सालं आम्ही नवापूरला थांबत होतो. तिथून पुढे पाऊण तासाची गाडी. नातलबायचं घर अर्नाळ्याच्या अलीकडच्या टोकाला, किनाऱ्यालगतच. कातरीनला एकटीला कधीही जाता आलं असतं, एस्टीनं, माझ्या नकळत. मी तिला एकदा म्हणालोही, जा की तू. तर म्हणाली, "मी गेले तर तुमाला निमित्त मिळंल. बायको जाऊन आली म्हनाल." म्हणून अकरा वर्षं ती स्वतःही गेली नाही. तिची आणि नातलबायची तर गोडी होती. लग्न होऊन आली तेव्हा तिला भाकरी नातलबायनंच शिकवली होती.

तर ती गेली. काल.

काल म्हणजे आता महिना झाला, पण मला तो कालच वाटतो.

घर माणसांनी भरलं. बायका प्रार्थना म्हणत होत्या. पेद्रू पहाटे माझ्याजवळ आला. म्हणाला, "बाबा, चार वाजता माती ठरली. मी मोटरसायकलनं सगळीकडे सांगून येतो. अर्नाळ्याला आत्याकडेपन जातो. तुमी बसा."

मी म्हणालो, "आत्याकडे तू नाय जायचं."

त्याला वाटलं, अजून तेच डोक्यात आहे. तो चिडला. "बाबा, आज तरी..."

"मी जातो," मी म्हणालो.

तो म्हणाला, मागे बसा, सोडतो. मी नको म्हटलं. मोटरसायकलनं वीस मिनिटांत पोचलो असतो आणि काय बोलायचं ते सुचलं नसतं.

मी चालत निघालो. किनाऱ्यानं. नवमीची सकाळ, भरती पुरती आलेली, पाणी सुरूच्या झाडांच्या मुळांना लागत होतं. आज खरोखर पाणी चढलेलं होतं. जिथं वाळू उरली नव्हती तिथं मी पाण्यातून गेलो, जिथं खडप वरपर्यंत आलेत तिथं हातानं धरून चढलो. एकदा गुडघा फुटला. सदुसष्ट वर्षांचा माणूस, लोक बघत होते. कळंबला एक कोळीण म्हणाली, "काका, गाडी कुठं हाय? मडम कुठं?" मी सांगितलं. ती हातातला कोयता खाली ठेवून तशीच उभी राहिली.

वाटेत मी सगळं जुळवलं. नातलबाय, माझी चूक झाली. तेव्हाच यायला हवं होतं. असं असं बोलायचं. राजोडीपर्यंत पाठ झालं, नवापूरला पक्कं झालं.

नातलबाय अंगणात बावीवर पाणी काढत होती. तिची एक बाजू आता फारच वाकलीय. मला बघितलं आणि रहाट धरून थांबली. घागर अर्ध्यावर लटकत राहिली.

माझं पाठ केलेलं एक अक्षर आठवेना.

"कातरीन?" तिनंच विचारलं.

मी मान हलवली.

"कधी?"

"काल सांजचं."

"काल तर गाडी बघितली मी नवापूरला. छत्री होती."

"होती."

ती घागर वर ओढायला लागली. हळू. काठावर ठेवली. मग म्हणाली, "भात टाकला होता मी."

"कसला भात?"

"तीन साल झाली, दर अष्टमीला टाकते. तुमची गाडी दिसली की दोन मानसांचा जास्त. तुमी वळलाव की कोंबड्यांना." तिनं पदरानं तोंड पुसलं, म्हणजे डोळे. "कोंबड्या माजल्यात माझ्या."

मला तिच्याकडे बघवेना. मी बावीच्या काठाकडे बघून म्हणालो, "आज चार वाजता माती हाय. भुईगावला. तू यायचं. मी सांगायला आलोय. मी स्वतः."

"येते."

एवढंच. अकरा वर्षांचं एवढंच निघालं. मी जायला वळलो. तिनं तांब्या भरून पुढे केला.

आमच्यात मयताचा निरोप घेऊन आलेला माणूस त्या घरचं पाणी पीत नाही, ओटीवर बसत नाही. अंगणातूनच सांगून माघारी फिरतो. मी म्हणालो, "नको. मी मयताचा निरोप आनलाय. रीत नाय."

"रीत?" नातलबाय म्हणाली. "रीत तू मला शिकवतो?"

तिनं तांब्या तसाच पुढे धरला.

"तिथं बस," तिनं ओटी दाखवली. "गुडघ्यातून रगत येतंय. सकाळपासून पोटात काय नसंल. बस म्हनते ना."

मी ओटीवर बसलो. तांब्या तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. मग दुसरा मागून घेतला.